झोळी कुठे?

फोनवर आधी कोणीतरी मनसोक्त हसून घेतलं आणि मग बोलायला सुरुवात केली. "साहेब, आमच्याकडं कांदा चिरायला कोणी उरलं नाही. रातोरात सगळ्यांचे आचार्य झालेत." बोलणारा एका मोठ्या वसतिगृहाच्या भटारखान्याचा मुकादम होता. कचेरीतून छापून आलेला पाळ्यांचा तक्ता त्यानं सकाळी भिंतीवर लावला, तर वर ठळक मथळा: आचार्यांच्या पाळ्या. हवं होतं आचाऱ्यांच्या. "एकजण म्हणतो, मी आता कांदा चिरणार नाही, कांद्यावर व्याख्यान देईन. दुसरा चुलीपुढं डोळे मिटून बसलाय, म्हणे भात मनोबलानं शिजवतो. तुम्ही असं करा, जेवणाच्या घंटेआधी आमचे आचारी परत पाठवा. विद्वान तुमच्याकडं ठेवून घ्या." पलीकडं पुन्हा हशा उठला, भांडी आपटल्याचे, कोणीतरी कोणाला "आचार्य, मीठ द्या" म्हटल्याचे आवाज आले. ओळंबे हसला नाही. "बघतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून पडद्यावरच्या त्या शब्दाकडं बघत राहिला. य च्या कडेला लोंबायला हवा होता तो अर्धा र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसला होता. बाकी सगळं जागच्या जागी. झोळी पडली, त्याच्या मनात कोणीतरी म्हणालं, आणि तो आवाज त्याचा नव्हता, बायकोचा होता. आणि बायको दुपारच्या बसनं जाणार होती.

ओळंबे हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव कचेरीत कोणाच्याच लक्षात उरलेलं नव्हतं. एकदा तर पगाराच्या पावतीवरही ओळंबे आलं आणि त्यानंही ते मुकाट खिशात घातलं. वडील गवंडी होते. त्यांचा ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारं ते लोखंडी वजन, भिंत वाकडी चालली तर चुगली करणारं, हेच त्याचं लहानपणचं खेळणं. पुढं तो वीट सोडून अक्षरांत गेला, पण नजर तीच राहिली. त्याच्याबद्दल काय वाटेल ते सांगत. तो दोरीवर कपडे वाळत घालतो तेव्हा दोन चिमट्यांतलं अंतर इतकं सारखं असतं, की तिथं बसायला चिमण्या बिचकतात. त्याच्या घरातली मुंगीसुद्धा फरशीच्या सांध्यावरून जाते, मधून तिरपी जात नाही. लग्नाच्या फोटोच्या वेळी त्यानं फोटो काढणाऱ्यालाच सांगितलं होतं, तुम्ही वाकडे उभे आहात. यातल्या पहिल्या दोन थापा होत्या. तिसरं खरं होतं, आणि त्या फोटोत नवरी जी तोंडावर हात धरून हसते आहे, ती त्यामुळंच.

कचेरीचं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. यंत्रं कशी चालवावीत, खोल्या कोणी झाडाव्यात, कोणाची पाळी कधी, असलं सगळं. हे सगळं साध्या मजकुरात लिहायचं. रंग नाही, चौकट नाही, नुसती अक्षरं. तक्ता करायचा तर अक्षरांमध्ये उभ्या रेघा ठोकायच्या, मथळ्याखाली आडव्या रेघांची रांग घालायची. हातानं केलेला असा तक्ता म्हणजे दारुड्यानं बांधलेलं कुंपण. एक रेघ इकडं, एक तिकडं. म्हणून ओळंबेनं एक लहानशी आज्ञावली लिहिली होती आणि तिला नाव दिलं होतं ओळंबा. काळी खिडकी उघडायची, ओळंबा असं टाइप करायचं, पुढं फाइलीचं नाव, आणि एंटर. आज्ञावली प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द शोधायची, त्याच्या मापानं रकाना रुंद करायची, आणि तोकड्या शब्दांमागं रिकाम्या जागा भरून सगळ्यांना एका रेषेत उभं करायची. पापणी लवायच्या आत कुंपण ताठ. इतक्या वर्षांनंतरही एंटर दाबला की त्याच्या खांद्यांमधली एक गाठ सुटल्यासारखी व्हायची. जगात बाकी काही असं एका फटक्यात सरळ होत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो कधीकधी आधीच सरळ असलेल्या तक्त्यावरही ती उगाच एकदा चालवून घ्यायचा. काल संध्याकाळी आचाऱ्यांच्या तक्त्यावर त्यानं तेच केलं होतं. बायकोनं शेवटचं मुद्रित तपासून पाठवलं होतं, आता हात लावायचा नाही असा नियम होता, पण मथळ्याच्या ओळीतली शेवटची रेघ त्याला केसभर आत वाटली. एंटर. रेघ सरळ झाली.

बायको मुद्रितं तपासायची. आधी एका छापखान्यात, मग घरी बसून, आणि बरीच वर्षं ओळंबेच्याच कचेरीची. त्यांची ओळखही अशाच एका चुकीवर झालेली. डोंगराळ भागाच्या माहितीपुस्तिकेत त्यानं लिहिलं होतं, या भागात अनेक सुंदर दर्या आहेत. मुद्रित परत आलं ते समासात एक प्रश्न घेऊन: पोहून पाहिलंत का? तो भांडायलाच छापखान्यात गेला. ती टेबलामागून म्हणाली, "दर्या म्हणजे समुद्र. तुम्हाला दऱ्या म्हणायच्यात. झोळी पडलीय तुमची." तो गोंधळून खांद्याकडं बघायला लागला, खरंच काही पडलं की काय. मग तिनं पेन्सिलीनं मोठं करून काढून दाखवलं. हा अर्धा र बघा. य च्या कडेला कसा टांगलाय, खाली पोट सुटलेला, झोळीसारखा. त्यांच्या छापखान्यात त्याला झोळीच म्हणत. दऱ्या, किनाऱ्यावर, वाऱ्यानं, दुसऱ्याचं. झोळी पडली की शब्द मरत नाही, भलताच होतो. त्याचं ओळंबाप्रकरण कळल्यावर ती पोट धरधरून हसली, कारण आपल्या लिपीत त्याची आज्ञावली ठार वेडी होत असे. ती मात्रा, उकार, अनुस्वार सगळ्यांना वेगवेगळी जागा मोजायची आणि कुंपण नागमोडी व्हायचं. "अरे, मात्रेला वेगळी खुर्ची देतोस कशाला?" ती म्हणाली, आणि या अरे-ला कारण काही नव्हतं, नुसतीच जीभ सैलावली होती. "ती अक्षराच्या मांडीवर बसते. मांडीवरच्याचं तिकीट काढतात का?" त्याच आठवड्यात त्यानं आज्ञावलीला मांडीवर बसणं शिकवलं. पुढं दोघं मिळून काम करायची: तो मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, ती छापलेल्या कागदावरून बोट फिरवायची, आणि शंका आली की बोट न उचलता म्हणायची, "पुन्हा." त्याला तो शब्द तिच्या तोंडून फार आवडायचा. लग्नाचं विचारलं तेव्हाही ती पुन्हा म्हणाली होती, आणि त्यानं आज्ञाधारकपणे पुन्हा विचारलं होतं.

आज सकाळी ती खाटेवर बॅग उघडून बसली होती. ताईकडं जाते, म्हणाली. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून डोंगरापलीकडच्या गावात एकटी. "एकटी आहे, चार दिवस राहते." चार दिवसांसाठी तिनं लोकरीचे कपडे काढले होते. चार दिवसांसाठी तिनं शब्दकोश काढला होता, विटेएवढा जाड, पुठ्ठा सुटलेला, जो तिनं माहेरी जाताना कधी नेला नव्हता आणि दवाखान्यात जाताना मात्र नेला होता. बॅग बंद होईना. ओळंबे दारात उभा राहून बघत होता, आणि त्याच्या घशात एक वाक्य उभं होतं, ते कसलं होतं त्यालाही माहीत नव्हतं, पण ते बाहेर आलं तेव्हा भलतंच होऊन आलं. "अशी नाही बसायची. थांब, मी लावून देतो." त्यानं सगळं बाहेर काढलं, शब्दकोश तळाशी आडवा घातला, लोकरीचे कपडे गुंडाळून त्याच्या कडांना लावले, मोजे बुटांत कोंबले, आणि चेन एका ओढीत कशी सरळ लागते ते बघून त्याला, देवाशपथ, क्षणभर बरंही वाटलं. वर पाहिलं तर ती त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. ज्या शब्दाला आता सुधारण्यात अर्थ नाही अशा शब्दाकडं बघावं तसं. "मी चाललेय," ती म्हणाली, "आणि तू बॅग लावून देतोयस." तो म्हणाला, "छान बसलं ना सगळं?" ती म्हणाली, "तुझं सगळं बसतंच. मलाच बसायला जागा मिळत नाही." आणि उठून गॅस बंद करायला गेली, जो आधीच बंद होता.

"काय ओळंबे, विद्वानांची भरती चालू केली म्हणे," बाई त्याच्या मागं येऊन उभ्या होत्या. बाई म्हणजे कचेरीच्या प्रमुख. त्यांना सगळे बाईच म्हणत, आणि हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा, तसा तो घसरलेला होता. "मुकादमाचा मलाही फोन आला. मी म्हटलं, आमच्याकडून कागद जातो तो वहिनींच्या नजरेखालून जातो, चूक होणार नाही. त्यांची नजर चुकली?" "नाही," तो म्हणाला. "तिच्या नजरेनंतर झालं." "मग कोणी केलं?" त्यानं बायकोनं पाठवलेली फाइल उघडली. आचाऱ्यांच्या; झोळी जागेवर. तीच फाइल ओळंबातून काढली. आचार्यांच्या. पुन्हा घातली, पुन्हा काढली. बाईंचा चष्मा वर गेला. "म्हणजे तुमचं लाडकं यंत्रच खातंय?" "खातंय," तो म्हणाला. "काय खातंय ते बघतो." बाई म्हणाल्या, "बघा, पण अर्ध्या तासात नवा कागद पाठवा. तिथं खरंच चूल पेटलेली नाही," आणि गेल्या.

बायकोच्या जुन्या पद्धतीच्या टाइपिंगमध्ये झोळीच्या पोटात एक न दिसणारं अक्षर असतं, हे त्याला ठाऊक होतं. र, त्याचा पाय मोडलेला, आणि त्याच्यानंतर हे अक्षर: शून्य रुंदीचं. पडद्यावर दिसत नाही, कागदावर उमटत नाही, जागा घेत नाही. त्याचं काम एकच, दोन अक्षरांना धरून ठेवायचं, की तू याच्या डोक्यावर जाऊ नकोस, इथंच कडेला टांगून राहा. ते काढलं की दोघं आपापल्या नियमानं वागायला मोकळी. त्यानं आज्ञावलीचा मजकूर उघडला आणि खाली खाली जात राहिला. स्वतःचंच लिहिलेलं, जुन्या घरात शिरावं तसं, कुठली पायरी करकरते ते पायाला ठाऊक. आणि मग ती ओळ आली. ज्याची रुंदी शून्य, ते काढून टाक. वर त्याच्याच हातची टीप होती, आज्ञावली लिहिणारे स्वतःसाठी ठेवतात तशी: दिसत नाही, उगाच रेघ वाकवतं. त्या टिपेपाशी त्याचे डोळे थांबले, आणि कचेरीतला पंख्याचा आवाज हळूहळू दुसऱ्याच एका खोलीतल्या पंख्याचा झाला, कारण ही ओळ त्यानं कुठं बसून लिहिली ते त्याला एकदम आठवलं. कचेरीत नव्हे. घरी. ओल्या रंगाचा वास होता.

ती थोडेच दिवस घरी होती. मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं, कारण दोघांचं जमेना. आईला जोडाक्षर नसलेलं नाव हवं होतं, म्हणजे कोणी चुकीचं छापणार नाही, आणि बापाला लहान नाव हवं होतं, कुठल्याही रकान्यात बसेल असं. तोवर नुसतं ती म्हणू, असं ठरलं. बायकोनं जाडसर हिरव्या कापडाची झोळी शिवली. त्यानं छताला आकडा बसवला, तोही ओळंबा लावून, बरोबर खोलीच्या मध्यावर, आणि बायको म्हणाली, "झोळी सरळ काय टांगतोस, हलवायची असते ती." पहिल्यांदा तिला आत ठेवलं तेव्हा कापडाला एक छोटंसं पोट सुटलं, आणि ती दोघं एकमेकांकडं बघून एकाच वेळी म्हणाली, "ऱ्या." त्या दिवसांत ती पोरगी ऱ्याच झाली होती, ऱ्या झोपली, ऱ्या उठली, ऱ्यानं आज माझा चष्मा धरला. मग ताप आला. दवाखाना, जिने, कसल्याशा नळ्या, डॉक्टरांचं ते हळू बोलणं, ज्यातले शब्द सगळे बरोबर असतात. संपल्यावर बायकोला तिथंच ठेवून घेतलं, ताई जवळ थांबली, आणि त्याला बाजूला घेऊन ताई म्हणाली, "तू पुढं हो. ती यायच्या आत खोली आवरून ठेव. तिला बघवायचं नाही." ताईचं काही चुकलं नव्हतं. कोणीही हेच सांगितलं असतं. पण ताईला हे ठाऊक नव्हतं की ती कोणाला सांगते आहे. त्यानं आवरलं. गवंड्याच्या पोरानं आवरावं तसं. झोळी काढली. आकडा पिळून बाहेर ओढला. भोकात पुट्टी भरली, पात्यानं सपाट केली, वरून छताचाच रंग दिला, पुन्हा दिला, इतका की तो स्वतःच खाली उभा राहून जागा शोधायला लागला तर त्याला सापडेना. मध्ये मोकळी जागा दिसायला नको म्हणून भिंतीपाशी उभं असलेलं कपाट ओढून तिथं आणलं. कापडाचं पुढं काय झालं, तिथपर्यंत गेलं की त्याचं मन नेहमी दुसरीकडं वळायचं, आत्ताही वळलं. मग काही करायला उरलं नाही. हात मोकळे राहिले आणि त्या मोकळ्या हातांची त्याला भीती वाटली. म्हणून तो यंत्रासमोर बसला. कुठल्याशा तक्त्यात एक रेघ एका अक्षराच्या घरानं वाकत होती, बरेच दिवस. कारण शोधलं, सापडलं. हे शून्य रुंदीचं अक्षर आज्ञावली मोजत होती. खरं तर त्यालाही मांडीवर बसवता आलं असतं, एका शब्दाचं काम. ठेव, पण मोजू नकोस. त्यानं लिहिलं, काढून टाक. एंटर. रेघ सरळ झाली.

बायको आली तेव्हा ताईचा हात धरून दारात उभी राहिली. कपाटाकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, बराच वेळ. डोळे जागा शोधत होते आणि जागा कुठंच नव्हती. "झोळी कुठे?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "आवरलं सगळं." ताई म्हणाली, "बरं केलंस." ती काही म्हणाली नाही, पुढं त्या विषयावर कधीच काही म्हणाली नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आणि आता पडद्यासमोर बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, तसं नव्हतं. कारण तिनं विचारलं होतं. दर महिन्याला, दर पुस्तिकेला. ओळंबातून निघालेली मुद्रितं तिच्याकडं जायची आणि समासात तिच्या बारीक अक्षरात यायचं: झोळी कुठे? किनार्यावर, वार्यानं, दुसर्याचं, जिथं जिथं यंत्रानं ते धरून ठेवणारं काढलं होतं तिथं तिथं, झोळी कुठे? झोळी कुठे? आणि ती आपल्या हातानं पुन्हा एकेक झोळी टांगायची. तो त्या खुणा बघायचा, त्यांच्यापुढं बरोबरची खूण करायचा आणि खाली लिहायचा: दुरुस्त केलं. टाइप करताना पडत असेल असं समजायचा. सगळ्या कचेरीत वाकडी रेघ तोच हुंगून काढायचा, आणि याचं कारण शोधावं असं त्याला कधी सुचलं नाही. की सुचू दिलं नाही. माणूस स्वतःच बुजवलेल्या भोकाखालून रोज जातो आणि वर बघत नाही, त्याला काय विसर म्हणायचं?

त्यानं ती ओळ पुसली. पुसल्यावर बोट थांबलं. आता तो एक शब्दाचा उपाय करता येत होता, ठेव पण मोजू नकोस. नीट झालं असतं, झोळीही राहिली असती आणि रेघही. पण त्याच्या लक्षात आलं की घरात इतकी वर्षं तेच चाललंय, ठेवलेली आहे आणि मोजलेली नाही. त्यानं काही लिहिलं नाही. एंटर दाबला. आचाऱ्यांच्या पाळ्या, झोळी टांगलेली, आणि त्या ओळीतली शेवटची रेघ एका घरानं आत सरकलेली. अर्धा तास झाला होता. बाई खांद्यावरून डोकावल्या. "आले का आचारी? आले. पण ओळंबे, ही रेघ वाकलीय हो." "असू दे." बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं, कारण हे दोन शब्द त्या कचेरीत त्याच्या तोंडून कोणी ऐकलेले नव्हते. "बरं वाटत नाहीये का?" "घरी जातो," तो म्हणाला. "बायको गावाला चाललीय." "मग सकाळीच नाही का सांगायचं?" बाई म्हणाल्या. "उठा. कागद मी पाठवते. वाकडाच पाठवते, जा."

तो उशिरा पोचला. कुलूप लागलेलं बघूनच कळलं, तरी त्यानं हाक मारली, मग स्वतःच दार उघडलं. बॅग नव्हती, शब्दकोश नव्हता, दाराशी तिच्या चपलांची जागा रिकामी. आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं. कपाट मधून भिंतीकडं ओढलेलं होतं, तिरपं. फरशीवर कपाटाच्या पायांचे दोन लांब ओरखडे, नागमोडी, मध्ये दम खाल्ला असेल तिथं जरा खोल. मोकळ्या झालेल्या जागेत स्टूल. स्टुलावर त्याचाच पेचकस, टोकाला पांढरा. आणि वर, पांढऱ्याशुभ्र छतात, नाण्याएवढं काळं भोक. ते बुजवल्यावर त्याला स्वतःला सापडत नव्हतं. तिनं ते चाचपडून नाही, सरळ उकरलं होतं, आजूबाजूला एक चुकीचा ओरखडा नव्हता. म्हणजे ती जागा रोज, झोपताना, उठताना, कपाट मध्ये असूनही, बोट ठेवता येईल इतकी तिला पाठ होती. फरशीवर पुट्टीचे कपचे तसेच पडले होते. तिनं केर असा कधी टाकला नव्हता. तो सवयीनं झाडू आणायला वळला, दोन पावलं गेला, आणि परत आला. मग स्टूल बाजूला करून त्या कपच्यांमध्ये बसला आणि फोन लावला.

"हं," ती म्हणाली. मागं बसची घरघर. "पोचलीस का?" "एवढ्यात कशी पोचेन? घाट लागायचाय अजून." "कपाट एकटीनं ओढलंस?" "हं." "पाठ दुखेल." "दुखतेय." कोणीतरी खिडकी बंद करा म्हणालं, तिनं केली असावी, घरघर दबली. तो म्हणाला, "आज आचाऱ्यांचे आचार्य झाले. वसतिगृहाच्या तक्त्यात." ती नाकातल्या नाकात हसली, जुनी सवय. "झोळी पडली." "पडत नव्हती. मी काढत होतो. यंत्र काढायचं, पण यंत्राला मीच सांगितलेलं. आज सापडलं." "मला माहीत होतं." "कधीपासून?" "पहिल्या दिवसापासून. तुझ्याशिवाय इतकं साफ कोण काढणार?" तो म्हणाला, "तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलत होते की. दर वेळी विचारत होते." बस वळली असावी, तिचा आवाज लांब गेला, जवळ आला. आणि त्याचं मन जिथं नेहमी वळायचं तिथं या खेपेला त्यानं त्याला मानगुटीला धरून उभं केलं. "झोळीचं सांगतो," तो म्हणाला. "मी ती ठेवली नाही. कोणाला दिलीही नाही. पुट्टी ओली होती. हात भरले होते. छताखालची भिंतही खराब झाली होती. काहीतरी पुसायला हवं होतं आणि ती खुर्चीवर होती. मी न बघता उचलली. भिंत पुसून झाली, हात पुसून झाले, तेव्हा मला कळलं हातात काय आहे. रंगाखालून दुधाचा वास येत होता. मग मी ती पिशवीत घालून खाली टाकून आलो. कचऱ्याची गाडी येईपर्यंत उभा राहिलो. परत काढून आणावी असं वाटलं होतं. पण ती धुतली असती तरी सरळ झाली नसती." पलीकडं फक्त घरघर. मग तिचा आवाज आला, कोरडा, बोट कागदावरून न उचलता यायचा तसा. "पुन्हा."

त्यानं पुन्हा सांगितलं. सावकाश, मूळ मजकूर वाचताना वाचायचा तसं, एकही शब्द न गाळता. खुर्ची कुठली, पातं कुठलं, कापडाच्या कडेला तिनं घातलेली ती उलटी शिवण, जी पुसताना त्याच्या बोटाला लागली होती आणि तरी त्याला कळलं नव्हतं. गाडीपर्यंत आला आणि थांबला. "ऐकतेयस?" घरघर नव्हती. फोन कानापासून काढून पाहिला तर तो केव्हाचा मुका झाला होता. बस दऱ्यांमध्ये शिरली होती. तिनं कुठपर्यंत ऐकलं, पुट्टीपर्यंत, खुर्चीपर्यंत, की पुन्हा म्हणाली आणि तिथंच तुटलं, कळायला मार्ग नव्हता. घाट लांबचा होता. उतरल्यावर ती फोन करील की नाही हेही माहीत नव्हतं, आणि सकाळच्या त्या चार दिवसांवर तर त्याचा तेव्हाही विश्वास बसला नव्हता. त्यानं फोन मांडीवर ठेवला. वर भोक होतं, खोलीच्या बरोबर मध्यावर नव्हे, आत्ता खालून बघताना दिसलं, जरासं एका बाजूला. म्हणजे तेव्हाही त्याचं मोजमाप चुकलंच होतं आणि ती काही म्हणाली नव्हती. फोन वाजलाच तर मध्ये अडायला नको म्हणून त्यानं घसा साफ केला आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. "तू दवाखान्यात होतीस. ताई तुझ्याजवळ होत्या. मी एकटा घरी आलो. दार उघडलं, तेव्हा वाऱ्यानं झोळी हलली." इथं तो थांबला. हे दोन्ही वेळा सांगायचं राहून गेलं होतं.